बांध घालायला निधी आहे, राखायला कोण? माणदेशातून मृद व जलसंधारण योजनांचे परीक्षण

ठिबकचा संच घेतला किंवा पाणबुडी मोटर बसवली, तर तिचा अनुभव आपण आठवडी बाजारात चार जणांना सांगतो. ती कशी चालली, कुठे दगा दिला, विक्रेत्याने दुरुस्तीला माणूस पाठवला की नाही, हे सगळे मोकळेपणाने बोलले जाते. शासनाच्या मृद व जलसंधारण योजनांबद्दल मात्र एकतर जलपूजनाची बातमी येते, नाहीतर आरोप-प्रत्यारोप होतात. ज्याच्या शेतात ते काम उभे राहते, त्याने वापरून पाहिलेल्या सेवेसारखी त्याची पारख लिहिलेली मला फारशी वाचायला मिळाली नाही, म्हणून हे लिहीत आहे. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात मी अडीच एकर कोरडवाहू आणि दीड एकर विहिरीवरची जमीन कसते, आणि गावच्या पाणलोट समितीवर सात वर्षे सदस्य आहे. आमच्या शिवारात आणि आसपासच्या चार-पाच गावांत जे पाहिले, त्यावरच हे मत बेतलेले आहे.

आधी पावसाचा हिशेब सांगते, कारण त्याशिवाय या योजनांची गरजच कळणार नाही. आमच्याच जिल्ह्यातील महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडील माण-खटावला पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तोही सारखा पडत नाही. वळवाचे दोन-चार तडाखे आणि परतीचा पाऊस यांतच त्याचा मोठा वाटा येऊन जातो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी. तासाभरात चाळीस मिलिमीटरची सर कोसळली, तर एका हेक्टरवर चार लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर रिकामे झाले असे समजावे. ज्या गावात उन्हाळ्यात एका टँकरसाठी बायका पहाटेपासून हंडे मांडून बसतात, त्या गावातून हे चाळीस टँकर तांबडी माती सोबत घेऊन ओढ्याने निघून जातात. या योजनांनी अडवायचे आहे ते हेच पाणी, आणि त्याच्याबरोबर जाणारी हीच माती.

या कामाला सरकारी पैसा आजकाल मिळू लागला असे नाही. शेतजमिनीच्या बांधबंदिस्तीचा आधार असलेला मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम 1942 सालचा आहे. 1972 च्या दुष्काळात आमच्या आईने पाझर तलावावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तो तलाव गाळाने निम्मा भरला असला तरी आजही गावाच्या वरच्या अंगाला आहे. पुढे रोजगार हमी, 1983 चा सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम, 1992 ची आदर्श गाव योजना, 2009-10 पासून केंद्राचा एकात्मिक पाणलोट कार्यक्रम अशा पाट्या बदलत गेल्या. डिसेंबर 2014 मध्ये राज्याने जलयुक्त शिवार अभियान आणले आणि दरवर्षी पाच हजार गावे याप्रमाणे 2019 पर्यंत पंचवीस हजार गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट ठेवले. 2017 मध्ये मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विभाग झाला, आणि जानेवारी 2023 पासून अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला. गावातील माणसाला या नावांशी देणेघेणे नसते. आमच्याकडे सगळ्यालाच 'पाणलोटाचं काम' म्हणतात.

या सर्व कामांत मी सर्वांत वरचा क्रमांक बांधबंदिस्तीला, म्हणजे शेतात उतारावर आडवे मातीचे बांध घालण्याला, देते. तिच्यात छायाचित्र काढण्यासारखे काही नसते, यंत्राचा धुरळा नसतो, नारळ फोडायला कोणी येत नाही; पण पैशाच्या मानाने तिच्याइतके पदरात टाकणारे दुसरे काम माझ्या पाहण्यात नाही. आमच्या भागात शेतातील अशा बांधाला ताल म्हणतात. माझ्या कोरडवाहू रानाला उत्तर-दक्षिण उतार आहे आणि पूर्वी वळवाचा पाऊस झाला की वरच्या टोकाला मुरूम उघडा पडत असे व खालच्या टोकाला शेजाऱ्याच्या रानात माझी माती साचत असे. उतारावर आडव्या तीन ताली पडल्या, त्याच्या दुसऱ्याच वर्षी मधल्या वाफ्यात शाळूची कणसे वरच्यापेक्षा दिसायला वेगळी होती. रब्बीत बोटभर ओल टिकली की शाळूला काय मिळते, हे ज्याने कोरडवाहू शेती केली त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या कामातील एक उणीव मात्र मी जवळून पाहिली आहे, आणि ती सांडव्याची आहे. ताल घातली की जादा पाणी कुठून काढून द्यायचे, हे ठरवून त्या जागी दगडांची पिचिंग केलेला सांडवा ठेवावा लागतो. माझ्या तिसऱ्या तालीला तो अंदाजपत्रकात होता, पण जागेवर नव्हता. सप्टेंबरच्या एका रात्री पाऊस झाला आणि सकाळी जाऊन पाहते तर तालीच्या बरोबर मध्यावर बैलगाडी जाईल एवढे भगदाड पडले होते. फुटलेल्या मातीच्या कडेवर थर स्पष्ट दिसत होते: खाली जुन्या रानाची काळी माती, वर भरावाचा ढेकळांसकट टाकलेला मुरूम, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेही चोपण, म्हणजे माती ठोकून घट्ट बसवणे, नाही. पाण्याने नेमकी तीच सांध शोधली होती. मी आणि माझ्या जावेने आठ दिवस पाट्या वाहून ते भगदाड बुजवले आणि ओढ्यातील दगड आणून स्वतः सांडवा रचला. पुढे तीन पावसाळे झाले, ताल जागची हललेली नाही. कामाला लागणारे ज्ञान अवघड नाही आणि खर्चही फार नाही, तरीही ते वगळले जाते, कारण तालीची लांबी मीटरमध्ये मोजली जाते आणि सांडवा चांगला की वाईट हे मोजपट्टीत उतरत नाही.

डोंगरउतारावर एकाच पातळीत खणलेले लांब चर, म्हणजे सलग समतल चर, दुसऱ्या क्रमांकावर येतात. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करत यावे, हे सूत्र प्रत्येक प्रशिक्षणात शिकवले जाते आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त मोडले जाते, कारण माथा बहुधा वनखात्याचा किंवा गायरानाचा असतो व तिथे काम झाले तर कोणाच्याही सात-बाऱ्यावर लगेच फायदा दिसत नाही. आमच्या गावाने हे सूत्र मनावर घेतले ते पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेमुळे. 2016 मध्ये ही स्पर्धा राज्यातील तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यात साताऱ्याचा कोरेगाव तालुका होता आणि पहिला क्रमांक त्याच तालुक्यातील वेळू गावाने मिळवला. 2018 मध्ये माणमधील टाकेवाडी पहिली आली. स्पर्धेत बक्षीस होते, पण बक्षिसापेक्षा मला तिचे प्रशिक्षण मोलाचे वाटले. तीन काठ्यांची ए-फ्रेम आणि मधोमध दोरीला टांगलेला दगड एवढ्याच साधनाने समपातळी रेषा कशी आखायची, हे दहावी न झालेल्या मुलीही दोन दिवसांत शिकल्या. शासनाच्या योजनेत आधी निधी येतो आणि प्रशिक्षण कागदावर राहते. इथे आधी माणसे शिकली आणि मग कुदळ उचलली गेली. आजही आमच्या डोंगरावर श्रमदानाचे चर आणि योजनेचे चर शेजारी शेजारी आहेत, आणि पावसानंतर कोणत्या चरात पाणी सारख्या पातळीत उभे राहते व कोणत्या चरात ते एका टोकाला गोळा होऊन बाहेर पडते, हे लहान मूलही दाखवील.

नाला खोलीकरण आणि रुंदीकरणाबद्दल मी सावध मत देते. जलयुक्तच्या पहिल्या टप्प्यात जेसीबी आणि पोकलेन यंत्रांनी ओढे खोदण्याचा धडाकाच लागला होता. ज्या ओढ्यात खरोखर गाळ साचला होता तिथे त्याचा फायदा झाला, हे मान्य केले पाहिजे. पण ओढ्याचे पात्र मुरूम फोडून कातळापर्यंत नेले, की भोवतालच्या रानातील उथळ पाणी आपणहून त्या खड्ड्यात उतरते, आणि लोकांना वाटते की पाणी साठले. ते पाणी वास्तविक शेजारच्या विहिरींचेच असते आणि उन्हात उघडे पडून वेगाने आटते. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी याच अशास्त्रीय पद्धतीविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली होती आणि त्यानंतर शासनाला माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. यंत्राचे काम तासावर मोजले जाते, त्यामुळे जितके खोल तितके बिल मोठे. या मोहाला योजनेतच आळा असायला हवा.

आता सिमेंट नालाबांधाविषयी, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या ओढ्यावर एक बांध झाला. पहिली दोन वर्षे त्याने गावाला अक्षरशः तारले. पाणी मार्गशीर्षापर्यंत थांबले, खालच्या अंगाच्या सात विहिरींना उन्हाळ्यात तळ दिसला नाही, आणि माझ्या दीड एकरात प्रथमच उन्हाळी भुईमूग झाला. तिसऱ्या वर्षी परतीच्या पावसात ओढा भरून आला आणि डाव्या काठाची माती खचली. बांधाची बाजूची भिंत काठात पुरेशी आत नेलेली नव्हती, त्यामुळे पाण्याने भिंतीला वळसा घालून स्वतःची नवी वाट काढली. गावातील एक वयस्कर गृहस्थ काठावर उभे राहून म्हणाले, "वड्यानं बगल दिली." बांध आहे तिथेच धडधाकट उभा आणि ओढा त्याच्या शेजारून वाहतो आहे, हे दृश्य मी विसरणार नाही.

त्यानंतर आम्ही दुरुस्तीसाठी फिरलो. एका कार्यालयाने काम हस्तांतरित झाल्याचे सांगितले, दुसऱ्याने हस्तांतराचा कागद मागितला, तो कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरात मिळाला, पण त्यासोबत निधी आलेला नव्हता. ठेकेदाराच्या दोषदायित्वाची, म्हणजे बिघाड त्यानेच दुरुस्त करून देण्याची, मुदत संपून चार महिने झाले होते. आमच्याविषयी आस्था असलेल्या एका तरुण कर्मचाऱ्याने मला शांतपणे सांगितले, "ताई, नवीन बांध मागा, देता येईल. दुरुस्तीचं लेखाशीर्षच आमच्याकडे नाही." लेखाशीर्ष म्हणजे ज्या नावाखाली सरकारी पैसा खर्ची टाकता येतो तो हिशेबाचा खाना. त्या मुलावर माझा राग नाही; त्याने खरे तेच सांगितले. पण लाखो रुपयांचे काम काही हजारांच्या मुरमा-दगडावाचून निकामी राहते आणि त्याच ओढ्यावर शंभर मीटर खाली नव्या बांधाचा प्रस्ताव मंजूर होऊ शकतो, ही रचना ज्याला कोणाला योग्य वाटत असेल त्याने एकदा आमच्या काठावर येऊन उभे राहावे. शेवटी पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्चायच्या, निधीतील पाऊसपाणी साठवणुकीच्या भागातून ग्रामपंचायतीने तरतूद केली, उरलेले लोकवर्गणीतून उभे राहिले, आणि दोन पावसाळे वाया गेल्यावर भिंत वाढवून झाली.

शेततळ्यांची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात येते आणि राखण्याची जबाबदारीही त्याचीच असते. फेब्रुवारी 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत 30 बाय 30 मीटरच्या आणि तीन मीटर खोलीच्या तळ्याला कमाल 50,000 रुपये मिळत. आता वैयक्तिक शेततळ्याला ही मर्यादा 75,000 आहे. बाजूंचा उतार धरून त्या आकारात सुमारे 2,196 घनमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर पाणी मावते. डाळिंबाच्या बागेला दोन महिन्यांचा ताण सोसायला हे पाणी पुरते, आणि आटपाडी-सांगोल्याकडे यावर बागा तगल्या आहेत, त्यामुळे योजनेला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. तरी एक गोष्ट बोललीच पाहिजे. शेततळे पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी आहे. प्लास्टिकचा कागद अंथरून त्यात बोअरचे पाणी उपसून भरले, तर जमिनीखाली सावलीत असलेले सर्वांचे पाणी एकाच्या मालकीचे होऊन उन्हात वाफ होते. ज्याला कागदाचा आणि मोटरचा खर्च झेपतो तो भरतो आणि शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर माघ महिन्यातच कोरडी पडते. माझ्या स्वतःच्या विहिरीवर हे घडलेले आहे. तळ्याला पाणी आत येण्याची वाट आणि गाळ थांबवण्याचा खड्डा प्रत्यक्ष असल्याशिवाय अनुदान सुटू नये, एवढी अट काटेकोर पाळली तरी पुष्कळ साधेल.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही 2017 ची योजना मला मनापासून आवडते. तलावातील गाळ काढला की साठा वाढतो आणि तोच गाळ मुरमाड रानात टाकला की रानाचा पोत सुधारतो. 2023 पासून लहान शेतकऱ्याला गाळ वाहून नेण्यासाठी एकरी 15,000 रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत 37,500 रुपये अनुदान आहे, आणि विधवा व अपंग शेतकऱ्यांनाही त्यात धरले आहे. आईने ज्या पाझर तलावावर खडी फोडली, त्याच तलावाचा गाळ माझ्या वरच्या वाफ्यात वीतभर थराने पडला, तेव्हा ती बांधावर बसून ट्रॉल्या मोजत होती. अडचण एवढीच की गाळ काढायला मिळतो तो एप्रिल-मे असा जेमतेम दीड महिना, आणि मंजुरीचा कागद उशिरा आला तर वळवाचा पाऊस त्याची वाट पाहत नाही.

हे सगळे एका गावाचे रडगाणे आहे असे कोणी म्हणू नये. महालेखापरीक्षकांनी 2020 मध्ये जलयुक्त शिवारवर जो अहवाल दिला, त्यात 9,600 कोटी रुपयांहून अधिक खर्चाची तपासणी होती. पाहणी केलेल्या 120 गावांपैकी फक्त 37 गावांत पिण्याला आणि शेतीला पुरेल इतका साठा निर्माण झाला होता. त्या अहवालावरून राजकारण बरेच झाले. माझ्या दृष्टीने त्यातला धडा सरळ आहे: काम किती झाले हे मोजले गेले आणि काम किती टिकले हे मोजायची सोयच ठेवली गेली नाही.

ही सोय करता येते, याची दोन उदाहरणे मला नेहमी आठवतात. अमेरिकेत 1930 च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेते उजाड केल्यावर, 1937 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांना एक नमुना कायदा पाठवला आणि त्यातून माती-पाणी संवर्धनाचे स्थानिक जिल्हे उभे राहिले. आज त्यांची संख्या तीन हजारांच्या घरात आहे. हे जिल्हे महसुली नव्हेत, फक्त याच एका कामासाठी आहेत, आणि त्यांचा कारभार बहुतेक ठिकाणी तिथल्याच निवडून आलेल्या मंडळाकडे असतो. मिसुरी राज्यात तर 1984 साली मतदारांनी स्वतः मत देऊन विक्रीकराचा एक दशांश टक्का उद्याने आणि माती-पाण्यासाठी बाजूला काढला. हा कर ठरावीक वर्षांनी पुन्हा मताला टाकला जातो आणि 2016 मध्येही लोकांनी तो राखला. शेतकऱ्याला खर्चाचा मोठा हिस्सा मिळतो, पण बांध ठरलेली वर्षे चांगल्या स्थितीत ठेवण्याचा करार त्याला करावा लागतो. सरकार बदलले म्हणून तिथे योजनेचे नाव आणि लेखाशीर्ष बदलत नाही.

दुसरे उदाहरण शेजारच्या सांगली जिल्ह्यातील आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्षाच्या चळवळीतून बळीराजा स्मृती धरण उभारले. नदीतील वाळू बाहेरच्या ठेकेदारांनी नेण्याऐवजी ती विकून आलेल्या पैशाचा आधार घेतला आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा ठरवला. ज्या पाण्यात आपला वाटा आहे, त्या बांधाचा दगड हलला तर माणूस रात्रीही उठून जातो. आमच्या पाणलोट समित्या कागदावर आहेत, पण त्यांच्या हातात ना पैसा ना अधिकार. काम संपले की समितीही संपते. प्रत्येक कामाच्या मंजूर रकमेतून दहा टक्के समितीच्या खात्यावर पाच वर्षांसाठी राखून ठेवावेत आणि दर पावसाळ्यानंतर समितीने पाहणी करून त्यातून दुरुस्ती करावी, अशी माझी ठाम सूचना आहे आणि ग्रामसभेच्या ठरावाने आम्ही ती वर पाठवलीही आहे.

ज्यांच्या गावात आता काम मंजूर झाले आहे, त्यांना अनुभवाने सांगते. अंदाजपत्रकाची प्रत आधी मागून घ्या आणि त्यात सांडवा, चोपण व काठात जाणाऱ्या भिंतीची लांबी कुठे लिहिली आहे ते शोधा. पायाचा खड्डा झाकण्यापूर्वी फीत लावून छायाचित्र काढा, कारण एकदा काँक्रीट पडले की आत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मोजमाप पुस्तिका ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. दोषदायित्वाची मुदत कोणत्या तारखेला संपते ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवा, आणि त्या तारखेच्या आधीच्या पावसाळ्यात, ओढा पहिल्यांदा भरून वाहिल्याच्या दुसऱ्या सकाळी, दोन्ही काठ चालून बघा. आमच्या फलकावर सध्या तीन कामांच्या तारखा आहेत. त्यातली पहिली येत्या नोव्हेंबरात संपते, आणि त्या बांधाच्या उजव्या काठाला बारीक चीर आताच दिसू लागली आहे. तिचे छायाचित्र जोडून अर्ज मागच्या सोमवारी दिला आणि पोच घेऊन ठेवली आहे.